दादाला सापडलेला अशनी

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. संग्रहालयात ती अशनी कापायची. वाळवंटात पडलेलं आकाशातलं लोखंड करवतीने कापायचं, आरशासारखं घासायचं, मग आम्लात सोडायचं; की त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा उमटतात. आपल्या साध्या लोखंडात त्या नसतात.

तिचा थोरला भाऊ दर हिवाळ्यात वाळवंटात अशनी शोधायला जायचा आणि हात हलवत परत यायचा. यंदा मात्र तो थेट तिच्या कामाच्या खोलीत आला आणि फडक्यातला मुठीएवढा तुकडा टेबलावर ठेवला.

"सापडला बघ एकदाचा! रेषा काढ आणि अस्सल असल्याच्या दाखल्यावर सही कर. घेणारा तयार आहे."

"घासलास कशाला?"

"गंज होता गं."

आनंदाच्या भरात ती जेवायचंही विसरली. आम्लात रेषा उमटल्या, आणि कडेला एक काळा डाग, माशाच्या शेपटीसारखा. तिचा हात थांबला. त्या माशाचं डोकं बाहेरच्या दालनात, काचेच्या पेटीत मांडलेल्या तुकड्यावर होतं. सतरा नंबरचा तो अशनी तिनेच कापला होता; उरलेला भाग तिच्या ताब्यातल्या कपाटात होता. तिने कपाट उघडलं. सतराच्या कप्प्यात, कापसात, नदीतला गोटा निघाला.

थंडीआधी ती आठवडाभर तापाने पडून होती. दादा उशाशी बसला होता. किल्ल्या उशाखालीच होत्या.

"मी आजारी होते तेव्हा?"

दादा फडक्याची घडी घालू लागला. "दहा वर्षं वाळू तुडवली. लोक तोंडावर हसतात. कपाटात कोण बघतंय?"

"तू माझी सेवा करत होतास की किल्ली शोधत होतास?"

"दोन्ही," तो म्हणाला. "भाऊ आहे मी तुझा. गप्प बस ना."

तिने तुकडा पुसला आणि प्रमुख बाईंच्या खोलीत नेला. दादा मागच्या मागे निघून गेला होता.

पेटीतला भाग काढून शेजारी ठेवला. शेपटी डोक्याला बरोब्बर जुळली. बाईंनी तिची पाठ थोपटली, पोलिसांत जायचं टाळलं, आणि हात पुढे केला. "वाईट वाटून घेऊ नकोस, पण किल्ल्या आता माझ्याकडे राहू देत."

तिने किल्ल्या दिल्या. घरी आई म्हणाली, "दादाला ताट वाढू का?"

"वाढ," ती म्हणाली. "मी नंतर बसते."