दुसऱ्या नंबरचा पिवळा चिमटा

मित्रांनो, मी एक चार्जर आहे. वय सहाच वर्षं, पण चिकटपट्ट्यांनी गुंडाळलेली माझी वायर पाहिलीत तर तुम्ही मला आजोबाच म्हणाल. कुलुपांच्या एका कारखान्याच्या आवारात, सायकलींच्या छपराशेजारी मी उभा असतो आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांना वीज भरतो. स्वभाव माझा उतावळा, आणि नशिबी आलं ते एका जागी खिळून राहणं!

मला बसवलं तेव्हा मालकीणबाईंनी स्वतः पहिली गाडी जोडली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोज कुणीतरी मला फडक्यानं पुसायचं. तेव्हा आवारात विजेच्या गाड्या दोनच होत्या. आज अकरा आहेत आणि मी एकटाच. "अहो, भरली असेल तर काढा की तुमची!" हे मी दिवसातून वीस वेळा ऐकतो. मला पुसायला मात्र कुणाला सवड नाही.

भांडणं फार वाढली तेव्हा भांडार सांभाळणाऱ्या ताईंनी एक युक्ती काढली. माझ्या शेजारी एक दोरी बांधली. सकाळी येणाऱ्यानं आपल्या गाडीचा नंबर लिहिलेला, कपडे वाळत घालायचा चिमटा तिच्यावर लावायचा. आधी येईल त्याचा चिमटा आधी. एक गाडी भरली की पहारेकरी पुढच्या चिमटेवाल्याला फोन करणार. ताईंचा चिमटा पिवळा होता.

त्या दिवशी ताई धावतपळतच आल्या. गाडीत वीज अगदी तळाला गेलेली. दुसऱ्या नंबरवर चिमटा लावून त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या, "काका, आज मला विसरू नका हं. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. साठ किलोमीटरवर राहतात ते. त्यांना पाचच्या आत दवाखान्यात नेलं नाही, तर पुढची तारीख चार महिन्यांनी. आता त्यांना माझं तोंडसुद्धा दिसत नाही हो."

दहा वाजता माळीकाका आले. मोठा हौशी माणूस. कुंड्यासुद्धा ते फुलांच्या रंगाप्रमाणे मांडतात. त्यांना चिमट्यांवर धूळ दिसली. त्यांनी सगळे चिमटे काढले, एकेक पुसला आणि परत लावले. आधी लाल, मग निळे, शेवटी पिवळा.

ताईंचा दुसरा नंबर गेला की! ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे? जी गाडी जोडतील तिला वीज देणं एवढंच माझ्या हाती. एक लाल गेला, दुसरा लाल गेला, निळा आला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दोन वाजता ताई खाली आल्या आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, "काका, मला फोन का नाही केलात?"

"मी दोरी बघूनच फोन करतो. तुमचा चिमटा शेवटचा आहे ना, ताई."

ताईंनी दोरीकडे पाहिलं आणि टोकाचा पिवळा चिमटा ओढून काढला. शेजारीच कुंड्यांना पाणी घालणारे माळीकाका कौतुकानं म्हणाले, "छान दिसतंय ना?" मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पार उतरला.

तेव्हा माझ्याकडे साचे बनवणाऱ्या मिस्त्रींची गाडी होती. या गृहस्थांनी आपली गाडी सख्ख्या भावालाही कधी दिली नव्हती. त्यांनी वायर काढली आणि किल्ली ताईंपुढे धरली. "माझी भरत आलीय. घ्या, निघा. आरसे तेवढे हलवू नका."

ताई गेल्या. मिस्त्रींनी ताईंची गाडी मला जोडली आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्याजवळ येरझारा घालत राहिले. ताई वेळेत पोचल्या का? कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढचे तीन दिवस मी कासावीस होतो. फाटक वाजलं की वाटायचं, त्याच असतील.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. तुमची गाडी भरली की लगेच काढा. माझी वायर जमिनीवर टाकू नका, तिच्यावरून चाकं जातात. आणि जिथे काम करता तिथल्या मालकांना सांगा, एका चार्जरवर भागत नाही. रांगेतल्या प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं असतं.

चौथ्या दिवशी मिस्त्रींची गाडी फाटकातून आत आली. ताईंच्या शेजारी काळा चष्मा लावलेले एक म्हातारे गृहस्थ होते. मिस्त्री धावत गेले आणि आधी आरसे पाहू लागले. म्हातारबाबा हळूच खाली उतरले. त्यांनी चष्मा थोडा वर केला आणि ताईंकडे टक लावून पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "तू इतकी वाळलीस कधी?"