गंगीचा ढावलो

बादल राठोडचं नाव पेपरात आलं की दारव्ह्यातली माणसं छाती फुगवून ‘आमचा बादल’ म्हणतात. शाळेत असताना त्याला नाच्या म्हणून रडकुंडीला आणणारीही हीच माणसं, पण ते असो. तांड्यावरून वसतिगृहात, तिथून मुंबईला बॅलेच्या वर्गात आणि तिथून थेट फ्रान्सला. एक्केचाळिसाव्या वर्षी तिकडच्या नामांकित मंडळ्या त्याच्याकडून बॅले बसवून घ्यायला दोन-दोन वर्षं थांबत होत्या.

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ‘निरोप’. त्यात चौदा मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात आणि मागे एका बाईचा आवाज चालतो. तो आवाज त्याच्या थोरल्या बहिणीचा, गंगीचा. बंजाऱ्यांच्या बाया नुसत्या रडत नाहीत. गळ्यात गळा घालून, सुरात, जाणाऱ्याची नाहीतर गेलेल्याची सगळी हकीकत सांगत रडतात. त्याला ढावलो म्हणायचं. लेक बबिता सासरी निघाली तेव्हा गंगीनं गायलेला ढावलो बादलनं मोबाइलवर टिपून घेतला होता. तिला विचारलं नव्हतं. बहिणीला काय विचारायचं, असं त्याला वाटलं.

‘निरोप’ला दोन वर्षं झाली आणि याडी वारली. आईला ते याडीच म्हणत. त्याच्या नव्या बॅलेचा पहिला प्रयोग दोन दिवसांवर होता. तो आला नाही.

आला तो तीन महिन्यांनी. जीपमधून उतरताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती. गंगी दारात येईल, गळ्यात पडेल, याडीचं नाव घेऊन रडेल, मग आपल्यालाही रडता येईल. तीन महिने त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. जगाला रडवत फिरणाऱ्या माणसाची ही गत.

गंगी दारात आली. “आला काय?” म्हणाली. पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, तोही पाहुण्याला देतात तसा नव्या कपबशीत. शेजारच्या बाया रडणं ऐकू येईल म्हणून अंगणात थांबल्या होत्या. काहीच ऐकू येईना, तेव्हा एकमेकींकडे बघत निघून गेल्या.

बादलनं कपबशी खाली ठेवली. “बाई, तू रडत काहून नाही? माह्यावर राग हाय का तुह्या?”

गंगीनं तुरीचं सूप पुढ्यात ओढलं. “राग कायचा? शेजारच्या उज्ज्वलानं मोबाइलवर दाखवलं तुह्यं ते. मी रडून राह्यली अन् लोक टाळ्या वाजवून राह्यले. मले लय बरं वाटलं रे. चार बायाइले बोलावून दाखवलं मी.”

“मंग?”

“मंग याडी गेली. मी थोरली लेक, पह्यला आवाज माह्याच पाह्यजे. साऱ्या बाया माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या. मी तोंड उघडलं, अन् मनात काय आलं? बबिताच्या टायमासारखं जमते का नाही, आवाज बराबर लागते का नाही. मेलेल्या मायपुढं मी हेच पाहत बसली, बादल. मंग तोंडच मिटून घेतलं.” तिचे हात सुपावर थांबले. “याडीले मी बिनरडताच लावून देल्लं.”

 बादल उठला, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि तिच्या गळ्यात हात घातले. “मारी याडी ये…” कुठला शब्द ओढायचा, श्वास कुठे तोडायचा, मान एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर कधी न्यायची, हे त्याला पाठ होतं. चौदा मुलींना त्यानं तेच तर आठ महिने शिकवलं होतं. आणि आता, बोलता बोलता, त्याला खरंच रडू फुटलं. याडीच्या हातची भाकर आली, तिचं दुखणं आलं, आपलं न येणं आलं. बाया पुन्हा अंगणात जमल्या. शेजारच्या पूनमसिंगच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला.

भाऊ रडतो तिथे बहिणीनं सूर मिळवायचा असतो. तो वाट बघत राहिला. गंगीचं अंग लाकडासारखं होतं. बऱ्याच वेळानं तिचा हात त्याच्या पाठीवर आला आणि तिनं तोंड त्याच्या कानाशी नेलं.

“चांगलं करतो रे तू,” ती हळूच म्हणाली, बायांना ऐकू जाऊ नये म्हणून. “माह्यापेक्षा चांगलं.”

त्याचे डोळे वाहतच होते. हे रडणं खरं आहे, हे आता तिला कसं सांगायचं, ते त्याला कळेना.