कोपऱ्यावरच्या खाचा

"माझ्या पिशव्यांना हात लावायचा नाही. घराला आग लागली तरी नाही. आधी मला बाहेर काढ, मग पिशव्या, आणि त्याही मीच धरीन."

आत्यांनी हे बजावलं तेव्हा सूनबाई बाळाच्या तोंडातून पायपुसण्याचा धागा ओढून काढत होती. "हो आत्या," म्हणाली आणि धाग्याबरोबर ते बोलणंही केराच्या डब्यात टाकून मोकळी झाली. आत्या दिवसातून वीस ताकिदी द्यायच्या. नळ घट्ट बंद कर, जिन्यात पाणी सांडू नकोस, दार आपटू नकोस. त्यातली एक जास्त काय आणि कमी काय!

सूनबाई म्हणजे आत्यांच्या भाच्याची बायको. ती, नवरा आणि आठ महिन्यांची रांगती मुलगी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. व्हरांड्याच्या पलीकडे आत्यांची एकच खोली. त्या खोलीत एक खाट, एक शिवणयंत्र, एक खिडकी, आणि भिंतभर खुंट्यांना लटकलेल्या चिंध्यांच्या पिशव्या. आत्या लहान मुलांच्या दुकानासाठी पाळण्यात घालायच्या गोधड्या शिवायच्या. चाळीस वर्षं हेच. त्यांच्या मुलानं, म्हणजे भाऊजींनी, सरळ सांगून ठेवलं होतं, "आई, दुकानाचं काम हातात आहे तोवर खोली तुझी. काम सुटलं की कुलूप. मग तू आमच्याकडे." आमच्याकडे म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनशेजारी टाकलेली घडीची खाट. आत्यांनी ती पाहिली होती. मशीन पिळायला लागलं की खाटही चालायला लागायची.

म्हणून आत्या शिवत. आणि सूनबाई नाक मुरडत.

तिला शिसारी यायची ती त्या पिशव्यांची. एकीच्या नाडीला शर्टाचं बटण, दुसरीला नुसती गाठ, तिसरीला कपडे वाळवायचा चिमटा, चौथीला सेफ्टीपिन. आत बघावं तर लाल, पांढरं, हिरवं, फुलाफुलांचं, सगळं एकात एक कोंबलेलं. पालिकेची कचरागाडीसुद्धा ओलं-सुकं वेगळं करते! शिवाय प्रत्येक तुकड्याचा एक कोपरा कुरतडल्यासारखा, कुठे एक चीर, कुठे दोन, कुठे तीन. उंदीर तरी असावेत, नाहीतर आत्यांचा हात तरी थरथरत असावा. आणि अशा चिंध्या जोडून केलेल्या गोधडीत लोक आपली बाळं गुंडाळतात! सूनबाई स्वतःच्या मुलीचं झबलं दोनदा उकळत्या पाण्यातून काढायची, झोपलेल्या बाळाचे श्वास मोजायची, खाटेखाली बॅटरी मारून टाचण्या शोधायची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं नवरा कौतुकानं म्हणायचा. तीही ते खरं मानायची.

रोज सकाळी आत्या सुयांची उशी पुढे करायच्या. "वीस सुया ओवून दे गं. तुझे डोळे तरुण आहेत."

"आत्या, चष्मा बदलून घ्या की एकदाचा."

"चष्मा बदलला म्हणजे तू काय काम करशील? बसून बाळाच्या शिंका मोजशील."

"शिंका मोजाव्या लागतात. डॉक्टर विचारतात."

"आमच्या वेळी बाळं शिंकायचीच नाहीत. आयांना सवड नव्हती ना."

सूनबाई ओठ आवळून सुया ओवायची. चौथी पास बाई, आणि जिभेला ही धार. त्यातली निम्मी तरी कात्रीला असती!

मग एकदा भाऊजी येऊन आत्यांना दोन दिवस घेऊन गेले. नातवाचा पाय मुरगळला होता आणि त्याला आजी हवी होती. किल्ली सूनबाईकडे आली, खिडकीतल्या कुंडीला पाणी घालण्यापुरती.

पाणी घालायला दीड मिनिट लागलं. उरलेले दोन दिवस सूनबाईनं त्या खोलीचा उद्धार केला.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे सांगायलाच हवं. एवढं अपायकारक काम माणूस चांगल्या मनानंच करू शकतो. बाळ झोपलं की ती पलीकडे जायची. झाकणाचे पारदर्शक डबे आणले. पिशव्या जमिनीवर उपड्या केल्या. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंगवार ढीग लावले. कुरतडलेले कोपरे बघवेनात, म्हणून पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी काटकोनात छाटला. छाटणाची एक मोठी पिशवी भरली, ती खाली कचऱ्यात गेली. जुन्या पिशव्या नाड्यांसकट तिच्यामागोमाग गेल्या. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, ठसठशीत अक्षरात. मग फोटो काढून कॉलेजच्या मैत्रिणींना पाठवला. 'आमच्या आत्यांच्या उकिरड्याचं दुकान केलं,' असं खाली लिहिलं. मैत्रिणींनी टाळ्यांची चित्रं धाडली. एकीनं लिहिलं, 'त्या म्हातारीचं नशीब!' सूनबाईनं ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

आत्या परत आल्या. दारातून तीन पावलं भिंतीकडे चालत गेल्या, हात वर केला, आणि हाताला रिकामी खुंटी लागली. दुसरी खुंटीही रिकामी. मग खाली वाकून त्यांनी चाचपत एक डबा उघडला, आत बोटं घातली. एक तुकडा काढून चारी कोपरे अंगठ्यानं चोळले. दुसरा काढला. तिसरा.

"कोपरे?"

"सरळ केले सगळे. अगदी मापात. कुरतडले होते ना."

आत्यांनी तुकडे परत डब्यात टाकून झाकण लावलं. मग म्हणाल्या, "छान केलंस हो."

बस्स. एवढंच. ना कौतुक, ना तोंडभर हसू. दोन दिवस पाठ मोडून काम केलं त्याची ही किंमत! सूनबाईनं घरी येऊन भांडी जरा जोरातच घासली. अशा लोकांचं भलं करायलाच जाऊ नये, असं नवऱ्याला ऐकवलं. त्यानं मान हलवली. तो कशालाही मान हलवायचा.

दुकानाच्या दहा गोधड्या पंधरा दिवसांत द्यायच्या होत्या. पाचव्या दिवशी आत्यांनी पहिल्या दोन पाठवल्या, आणि सहाव्या दिवशी दुकानवालीच त्या घेऊन जिना चढून आली. सूनबाई व्हरांड्यात बाळाला भरवत होती. गोधडी तिनंही पाहिली आणि तिला हसूच आलं. झुळझुळीत अस्तराचा तुकडा जाड पडद्याच्या कापडाला जोडलेला, मध्ये गोळा झालेला. अर्धी फुलं उलट्या बाजूनं. फिक्या निळ्याच्या मधोमध एक काळा चौकोन, जेवणाच्या ताटात चप्पल ठेवावी तसा.

"आत्याबाई, हे बाळाच्या अंगावर घालायचं की गाडी पुसायला?" दुकानवाली म्हणाली. "चाळीस वर्षांत असं कधी दिलं नाहीत तुम्ही. सगळ्या पंधराव्या दिवसापर्यंत नीट आल्या तर ठीक. नाहीतर मी दुसरीकडे बघते."

बातमीला पाय फुटतातच. भाऊजी रविवारी बूट न काढताच खोलीत शिरले आणि भिंतींची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजू लागले. "आई, पुरे आता. हौस होती तोवर झाली. महिनाअखेर सामान हलवू. वहिनी, तुम्हीच सांगा हिला."

वहिनी म्हणाल्या, "वय झालं आत्या. कुठेतरी थांबायला हवं ना."

हे बोलताना आपला आवाज किती समजूतदार येतोय, याचंही तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुयांची उशी द्यायला पलीकडे गेली. बाळ कडेवरून उतरलं आणि रांगत सुटलं. आत्या जमिनीवर बसून तुकडे कापत होत्या. मोठी कात्री त्यांनी उघडीच बाजूला ठेवली होती. बाळ सरळ तिच्याकडे निघालं. आत्यांचा चेहरा बाळाकडेच होता. अगदी समोर, दोन हातांवर. बाळानं पात्याकडे हात नेला, आणि आत्या शांतपणे तिकडे बघत कापडावरून अंगठा फिरवत राहिल्या.

सूनबाईनं झेप घेतली. बाळाला उचललं, कात्री पायानं लांब उडवली, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "समोर मूल आहे! कात्रीत हात घालतंय! दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही," आत्या म्हणाल्या.

बाळ रडायला लागलं.

"उजेड दिसतो. खिडकी कुठे आहे ते कळतं. तू उभी आहेस की बसली आहेस तेही कळतं. बाकी नाही. चार वर्षं हळूहळू जात होतं. डॉक्टर म्हणाला, जाणारच. मग जोवर दिसत होतं तोवर एकेक तुकडा हातात घेतला आणि खाच पाडून ठेवली. एक खाच फिका, दोन गडद, तीन नक्षीचा. खाच उजव्या हाताला आली की सुलट बाजू वर. बटणाच्या पिशवीत मऊ सुती, गाठीच्या पिशवीत जाड, चिमट्याच्या पिशवीत झुळझुळीत, पिनेच्या पिशवीत ताणलं जाणारं. आयुष्यभर पुरेल एवढं करून ठेवलं होतं बाई. माझं आयुष्य उरलंय तरी किती!"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. हात लावायचा नाही म्हणून."

"डोळ्यांचं!"

"तुला सांगायचं म्हणजे नवऱ्याला, नवऱ्याला म्हणजे माझ्या लेकाला. मशीनशेजारची खाट बघितलीस कधी?"

जिच्या नजरेतून काही सुटत नाही, ती सूनबाई महिनोन् महिने रोज वीस सुया ओवत होती. उशी हातात देताना आत्या तिच्या तोंडाकडे नव्हे, आवाजाकडे बघतात, हे तिला दिसलं नव्हतं. पदवीधर डोळे! तिला स्वतःचं नाक मुरडावंसं वाटलं, पण नाकावर एवढा सराव दुसऱ्यांसाठी झाला होता की स्वतःसाठी ते वळेना.

त्या दुपारपासून दोघी बसल्या. बाळाला तिनं खाटेच्या पायाला बांधलेल्या खेळण्यांपाशी ठेवलं आणि कात्री स्वतःच्या मांडीखाली दाबून धरली. आत्या तुकडा चाचपून पोत सांगायच्या, सूनबाई रंग सांगायची आणि खाच पाडायची. छाटून छाटून तुकडे बोटभर लहान झाले होते.

"हा कोणता?"

"मोरपंखी. म्हणजे... गडद? मध्यम?"

"दोनच जाती आहेत गं. तुमच्या कॉलेजात मध्यम असेल. दोन खाचा पाड."

"पाडल्या."

"या खाचा आहेत? ही तर दरी आहे. पाव बोट सांगितलं होतं. रंगवार डबे लावायला बरी अक्कल चालली तुझी!"

"बोला आत्या. बोला."

"बोलणारच. इतके दिवस गिळत होते."

नवीन पिशव्या शिवल्या. बटण, गाठ, चिमटा, पिन. कुठली कुठल्या खुंटीला ते आत्यांनी हातानं मोजून सांगितलं, आणि सूनबाईनं ऐकलं. पारदर्शक डब्यांत तिनं स्वतःच्या घरातले साबण भरले. पंधराव्या दिवशी गोधड्या दुकानात गेल्या. दुकानवालीनं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, "हां, आता कशा आत्याबाईंच्या वाटतात." पुढच्या दहा गोधड्यांचं काम तिथल्या तिथे दिलं. भाऊजी महिनाअखेर टेम्पोचा नंबर घेऊन आले आणि तोच नंबर खिशात घालून परत गेले. जाताना म्हणाले, "हट्टी आहे आमची आई." आईच्या डोळ्यांत बघून म्हणाले. त्यांना काही कळलं नाही. मुलगा एवढ्या जवळून बघतो आणि बघतच नाही, यात आत्यांची सोयच झाली म्हणायची.

सूनबाईनं शब्द दिला होता, भाऊजींना सांगणार नाही. तो तिनं पाळला. मात्र बाळाला त्या खोलीत एकटं कधी ठेवलं नाही, आणि हे तिनं आत्यांना तोंडावर सांगितलं. "बरोबर आहे," आत्या म्हणाल्या. "मीही ठेवलं नसतं."

मग नवऱ्याची बदली झाली. त्यानं मान हलवली आणि घर हललं. आता सूनबाई दुसऱ्या गावात आहे, बाळ चालायला लागलंय. फोन केला की आत्या म्हणतात, "मस्त चाललंय," आणि त्या 'मस्त'वर सूनबाईचा काडीचा विश्वास नाही. खालच्या चांभाराच्या बायकोला तिनं सुया ओवायला सांगून ठेवलंय, पण ती बाई आठवण झाली तर वर चढते, नाहीतर नाही. भाऊजी रविवारी येतात आणि भिंती मोजतात. ते छापलेलं काही वाचत नाहीत, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

तेव्हा सूनबाईचं तुम्हाला एवढंच मागणं आहे. बस थांब्यामागच्या गल्लीतून कधी गेलात, खाली चांभार बसलेली तीन मजली इमारत दिसली, तर वर जा. दार वाजवा आणि आपण कोण ते मोठ्यानं सांगा. आत्या टोचून बोलतील, बोलू द्या. खिडकीतल्या कुंडीचं कौतुक करायच्या निमित्तानं आत शिरा आणि खाटेवरच्या सुयांच्या उशीकडे नजर टाका. ओवलेल्या सुया किती उरल्यात तेवढं बघा. नसतील उरल्या तर त्या मागणार नाहीत. तुम्हीच बसा, वीस ओवा, आणि परत आलात की सूनबाईला कळवा.