साहेबाची आमरी

आता साहेबाला शहाणपण कोण शिकवणार? ठाण्याच्या बंगल्यातला तो गोरा अंमलदार दिवाळी झाली की तंबू घेऊन दौऱ्यावर निघायचा, तो शिमग्याच्या तोंडावर परतायचा. निघताना त्याने सहदेव माळ्याला व्हरांड्यात टांगलेल्या आमरीच्या, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या रानटी ऑर्किडच्या, टोपलीसमोर उभं केलं आणि बजावलं, "सकाळ-संध्याकाळ पाणी. आमरी मेली, तर नोकरी गेली."

ही नुसती धमकी नव्हती. गेल्या थंडीत ह्याच हुकमाने भिवा माळ्याने दोन्ही वेळ पाणी घातलं, तेव्हाची आमरी कुजली, आणि हुकूम पाळणारा भिवाच हाकलला गेला. सहदेवला कलम बांधायला शिकवणारा तो म्हातारा आता खाडीपलीकडे, कळव्याच्या मिठागरात पाय सोलून घेत होता.

सहदेव येऊरच्या रानात वाढलेला. पावसाळा सरला की आंब्यावरची आमरी पानं गाळते आणि थंडीभर नुसत्या काड्या घेऊन झोपते, हे त्याला पक्कं ठाऊक. तेव्हा तिला रात्रीचं दव पुरतं. झोपलेल्याच्या तोंडावर कुणी घागर ओततं का? पण पाणी घालतो की नाही ते बघायला साहेबाने पट्टेवाला दौलत ठेवलेला. हा कल्याणच्या पेठेत वाढलेला गडी, भाजी बाजारातच पिकते अशी त्याची समजूत!

"मग पाजा की पाणी!" सहदेवची बायको शेवंती म्हणाली. "पण आमरीलाच पाजायला हवं असं कुठंय? त्या दौलतला काडी ती काडी."

तिने कुंपणावरच्या निर्गुडीच्या चार काड्या मोडल्या, पानं ओरबाडली आणि टोपलीत खोचल्या. खरी आमरी मागच्या आंब्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून सहदेव झारी घेऊन उभा, आणि शेजारी दौलत मिशीला पीळ देत पहाऱ्यावर. दोन्ही वेळ. अगदी हुकमाबरहुकूम!

पण निर्गुडीच ती, कुठेही खोचली तरी रुजणारी! महिन्याभरात तिला तरारून पानं फुटली. दौलतला कोण आनंद! त्याने सहदेवला न विचारता साहेबाला कळवून टाकलं, आमरी पालवली म्हणून. साहेबाचा लगेच निरोप आला, आठ दिवसांत येतो.

सहदेवच्या तोंडचं पाणी पळालं. आमरीवर अजून कळ्यांचे नुसते मोहरीएवढे फुगवटे. तो रोज पहाटे आंब्यावर चढायचा, काड्या निरखायचा आणि हात जोडून म्हणायचा, "बाई, ऊठ आता. माझ्या पोटाचा प्रश्न आहे." खाली शेवंती पदराने तोंड दाबून हसायची, पण रात्री झोप तिलाही नव्हती.

साहेबाची बग्गी फाटकात शिरली त्या सकाळी तीन फुलं उमलली होती. पांढरीशुभ्र. सहदेवने घाईघाईने टोपलीतली निर्गुडी उपटली आणि आमरी बसवली.

साहेब हरखून बघतच राहिला. दौलत मात्र गोंधळला. "साहेब, कालपर्यंत हिला पानं होती हो!"

"पानं जातात तेव्हाच फूल येतं. एवढंही माहीत नाही?" साहेबाने त्यालाच झापलं. "पाणी दोन्ही वेळ दिलं?"

"देवाशपथ! ह्या डोळ्यांनी पाहिलंय."

"बघितलंस? माझा हुकूम!" साहेब छाती फुगवून सहदेवकडे वळला. खरं सांगून टाकायला सहदेवची जीभ नुसती वळवळत होती. तेवढ्यात कुंपणाआड शेवंती खोकली. साहेब म्हणाला, "बोल, काय हवं तुला?"

सहदेवने मान खाली घातली. "एकट्या माणसाला हे पाणी झेपत नाही, साहेब. रोज दोन वेळा म्हणजे काय खेळ आहे? भिवाचा हात ह्यात बसलेला आहे. त्याला बोलवा."

फुलांकडे बघत साहेबाने मान डोलावली.

पुढच्या थंडीत भिवा झारी भरून व्हरांड्यात आला आणि टोपलीसमोर थबकला. "सहदेवा, पुन्हा हिला मारू का रे मी?"

"मारून बघा," सहदेव म्हणाला. "निर्गुडी आहे ती."