बावीस नग

टेम्पो फाटकावर थांबला की चौकीदार शेषराव चलान फाडायचा आणि त्यावर लिहायचा, ‘शिलाई महिला, नग बावीस’. ठेकेदार आधी सरकीची ढेप पुरवायचा, ही चलानबुकं त्याच धंद्यातली उरलेली. माणसं पुरवायला लागला तरी बुक तेच! नांदगाव पेठच्या त्या कारखान्यात दीक्षा सहा महिने ह्याच चलानवर आत गेली आणि तिला कधी काही वाटलं नाही, हीच खरी शरमेची गोष्ट.

काल मात्र तिच्या शेजारी शिवणाऱ्या करिश्माच्या बोटात मशीनची सुई घुसली आणि हाडात तुटली. दवाखान्यानं सांगितलं, कामावर लागलं असा कागद आणा, ऑपरेशन फुकट होईल. ऑफिसवाला बिनदिक्कत म्हणाला, “अशी कोणी बाई आमच्याकडे नाही.” आणि ठेकेदार म्हणाला, “बदली नग पाठवतो.” दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज ती फाटकातच उभी राहिली. मागं बाकीच्या वीस जणी.

“काका, आमची नावं लिवा. तवाच आत जाऊ.”

“अवं पोरी, रकान्यात जागा कुठी हाय?”

“मंग कागदाच्या मागून लिवा.”

सुपरवायझर योगेश आला, ओरडला, विनवलं, शेवटी फोन लावला. तासाभरात दुसरा टेम्पो हजर! बडनेऱ्याच्या बावीस बाया.  ह्या आत गेल्या की करिश्माचा कागद कायमचा बुडाला.

पुढं पन्नाशीची जाईबाई होती. “काहून उभ्या हा वं?”

दीक्षानं सगळं सांगितलं. जाईबाईनं चलान मागून घेतलं, डोळ्यांजवळ धरून वाचलं. “मी नग? तीन पोरी शिकवल्या म्या!” ती फाटकातच फतकल मारून बसली. तिच्यासोबतच्या दोघी-तिघी मुकाट आत गेल्या. बाकीच्या बसल्या.

बारा वाजता योगेश वैतागून म्हणाला, “लिवा बाप्पा नावं!”

शेषरावानं चलान उलटं केलं. “सांग, पयलं नाव?”

“करिश्मा रामराव वानखडे.”

“थे तं आज आलीच नाही!”

“कालची तारीख टाका. अन् खाली योगेशभाऊची सही.”

“कालचं नाही जमत,” योगेश म्हणाला.

दीक्षा खाली बसली. तिच्या वीस जणीही बसल्या. शेषरावानं एकदा सगळ्यांकडं पाहिलं, कालची तारीख टाकली, करिश्माचं पूर्ण नाव लिहिलं आणि पेन योगेशपुढं धरलं.

“करा सही, साहेब. काल तिले आत म्याच सोडलं होतं.”