कोण कोणासोबत

“सरस्वती, घरात जेवढे जीव, तेवढ्यांना आधी पाणी. मग तुझ्या तोंडात. आणि तांब्याच्या घागरीतलंच द्यायचं, रात्रभर मुरलेलं.”

सासूबाईंना जाऊन बावीस वर्षं झाली होती, तरी सकाळी घागरीवरचं झाकण काढताना हा आवाज यायचाच. सरस्वतीबाईंनी तुळशीला पाणी घातलं, गच्चीच्या कठड्यावरच्या चिमण्यांच्या वाटीत ओतलं आणि उरलेला गडू घेऊन त्या दिवाणखान्यात आल्या. माशांच्या काचेच्या पेटीतलं पाणी कालच्यापेक्षा काडीभर खाली गेलं होतं. चैत्राच्या उन्हात तेही बिचारे किती तग धरणार. त्यांनी झाकण सरकवलं, देवाचं नाव घेतलं आणि गडू हलकेच तिरका केला. धार पडताच निळा मासा वर आला, धारेवर तोंड मारून गेला. बाकीचे दगडाआडच राहिले.

दारात केरसुणी घेऊन सून उभी होती. विनीता रोजच ही धार बघायची. काही बोलायची नाही. सासूचं मौन पाणी देईपर्यंत असतं, हे तिला पाठ झालं होतं.

ही पेटी श्रीहरीनं दीड महिन्यापूर्वी आणली. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या त्यांच्या मुलाला एखादी गोष्ट डोक्यात आली की ती पुरी होईपर्यंत घरात दुसरं काही चालायचं नाही. बिदरमध्ये समुद्राचं पाणी कुणी कशाला पाळेल! पण मीठ पुड्यांतून आलं, जिवंत पवळं आणि मासे हैदराबादहून फुगवलेल्या पिशव्यांतून आले. श्रीहरीनं वही घातली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘कोण कोणासोबत’, आणि खाली नावं.

ती नावं ठरवायला माशांच्या दुकानाचा रत्नपाल घरी आला होता, त्या दिवशी घरात शेवटचं मोकळं हसू झालं.

“क्लाउन दोन घ्या, सर. जोडीनंच,” रत्नपाल सांगत होता. “गोबी एक. लई भित्रं असतंय, पण कुणाच्या वाटंला जात न्हाई. सफाईला झिंगा आन् शंख. आन् एक ध्यानात ठेवा, भित्र्याला आधी सोडायचं. त्याला त्याचं बीळ सापडू द्यायचं. तापट मासा सगळ्यात शेवटी.”

“कामून?” श्रीहरीनं विचारलं.

“जो आधी येतो त्याला सगळी पेटी आपल्या बापाची वाटती. मग मागून येणाऱ्याला जगू देत न्हाई.”

“गोत्र विचारलंस का रे बाबा त्यांचं?” सरस्वतीबाई वाती वळता वळता म्हणाल्या.

“गोत्र काय, अक्का, पत्रिकाच बघायलोय की!”

“अठ्ठावीस गुण जुळले असतील बघा,” स्वयंपाकघरातून विनीता म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. रत्नपालही हसला.

श्रीहरी हसला नाही. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. श्रीहरीची आणि विनीताची पत्रिका जुळवली तेव्हा गुण अठ्ठावीसच आले होते. स्वयंपाकघरातलं हसू मध्येच थांबलं. सरस्वतीबाईंच्या बोटांतली वात सुटून मांडीवर पडली.

शेवटी श्रीहरीनं सगळ्यांत आधी तापट निळा डॅमसेलच सोडला. “मजबूत आहे,” तो म्हणाला. “मजबूत असेल तो आधी.” मागून आलेल्या क्लाउनच्या जोडीला त्या निळ्यानं एका कोपऱ्यात बसवून टाकलं. गोबी बिळात शिरला तो दिसलाच नाही. श्रीहरी रोज संध्याकाळी खुर्ची ओढून निळ्याकडे बघत बसायचा.

मग पेटीत मरणं सुरू झाली. आधी दोन शंख उलटे पडले. चार दिवसांनी झिंगा तळाशी पांढरा पडलेला दिसला. श्रीहरी ओरडला नाही. त्याला ओरडायची सवयच नव्हती.

“विनीता, इकडे ये. हात दाखव.”

तिनं दोन्ही तळहात पुढं केले. त्यानं ते नाकाशी नेले.

“तेल?”

“न्हाई.”

“साबण? फिनाईल? काहीतरी पडल्याशिवाय जीव मरत न्हाईत.”

“मी झाकणाला हात लावला न्हाई.”

“मग कुणी लावला?”

विनीतानं सासूचं नाव घेतलं नाही. सरस्वतीबाई तेव्हा जपाला बसल्या होत्या. माळ हातात असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. एकशे आठावा मणी आला तेव्हा दिवाणखाना रिकामा होता. आतल्या खोलीचं दार बंद होतं, टेबलावर घड्याळ होतं. आतून आवाज येत नव्हता. आवाज न येण्याचीच त्यांना भीती वाटायची.

त्यानंतर विनीतानं केसांना तेल लावणं सोडलं. केर काढायलाही दिवाणखान्यात विचारून येऊ लागली. पवळं आक्रसून काड्यांसारखं झालं त्या दिवसापासून, एवढ्या उकाड्यात, ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालायला लागली.

गुरुवारी खजुरीहून तिच्या वडिलांचा फोन आला. रामाचार्य दर गुरुवारी पूजा आटोपून करायचे. मुलीशी दोन शब्द बोलले, मग म्हणाले, “जरा विहीणबाईंना द्या.”

“नमस्कार, आचार्य.”

“पोर बरी आहे ना, बाई? आवाज बारीक लागायलाय तिचा.”

पाठवणीच्या दिवशी याच माणसानं मुलीचा हात त्यांच्या हातात दिला होता, आणि हात देऊनही सोडला नव्हता. तेव्हा सरस्वतीबाई आपण होऊन बोलल्या होत्या. देवकाला साक्ष ठेवून बोलल्या होत्या, की हिला माझ्या घरात जड जायला लागलं तर मी स्वतः आणून सोडीन, आचार्य. तुम्हाला न्यायला यावं लागणार नाही.

“उन्हाचं जरा,” त्या म्हणाल्या. “बाकी बरी आहे.”

त्या दिवशी त्यांनी पानावर बसून नुसतं ताक घेतलं. उपास कशाचा, हे विनीतानं विचारलं नाही.

रविवारी रत्नपाल आला. येताना काचेच्या छोट्या बाटल्या आणि औषधाचे थेंब घेऊन आला.

“त्या निळ्याला काढा, सर. हलकट हाय ते. त्यानंच केलं असणार.”

“आधी पाणी तपास,” श्रीहरी म्हणाला.

रत्नपालनं पाणी बाटलीत घेतलं, थेंब टाकले, उजेडात धरून बघितलं. पुन्हा दुसऱ्या बाटलीत घेतलं. मग निळ्याकडे बघून कान पकडले.

“उगीच बदनाम केलं की ह्याला मी. मासे सगळे जगल्यात, मेले ते शंख, झिंगा, पवळं. भांडणानं असं होत न्हाई. पाण्यात तांबं उतरलंय, सर. माशाला तेवढं चालतंय, ह्यांना इख. पण तांबं आलं कुठून?”

श्रीहरीनं घड्याळाचा पट्टा सैल केला.

“विनीता.”

ती दारात येऊन उभी राहिली. ओले हात तिनं पदराला पुसले आणि, कुणी सांगायच्या आधीच, पुढं केले.

ते पुढं आलेले हात बघितले आणि सरस्वतीबाईंनी माळ खाली ठेवली. मणी साठाच्या आसपास होता. आजवर जप असा अर्धा राहिला नव्हता.

“मी,” त्या म्हणाल्या. “मी घालायले पाणी. रोज सकाळी. घागरीतलं.”

मग श्रीहरी हसू लागला. चांगला खळखळून हसला.

“आई! तू व्हय? अगं, आधी सांगायचंस ना! म्हणून पाणी कमी होत नव्हतं!” त्यानं खुर्ची ओढून त्यांना बसवलं. “तुला काय माहीत असणार. जाऊ दे. पाणी बदलू, नवीन झिंगे आणू.”

“घ्या!” रत्नपालही हसला. “अक्कांनी पुण्य करायला जाऊन समुद्रच बाटवला की, सर!”

सरस्वतीबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढंच होतं तर. तीन आठवडे एका शब्दापायी. त्यांनी विनीताकडे बघितलं. ती हसत नव्हती. हात अजून तसेच पुढं होते, मागं घ्यायचं विसरल्यासारखे.

रत्नपाल बाटल्या भरून गेला. श्रीहरी त्याला फाटकापर्यंत सोडून आला, दाराला कडी लावली.

“आई रोज पाणी घालायची,” तो विनीताला म्हणाला. आवाज मऊच होता. “तू केर काढताना तिथंच असायचीस. बघत होतीस?”

“बघत होते.”

“मी विचारलं तेव्हा?”

“आत्याबाईंचा नेम आहे. त्यांना कशाला बोल लावायचा, म्हणून...”

“म्हणजे तू मला खोटं सांगितलंस.”

त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “आत ये.”

“श्रीहरी,” सरस्वतीबाई उठल्या. “अरे, चूक माझी. मीच सांगितलं की आत्ता.”

“तुला कोण काय म्हणालं, आई? तू जप पुरा कर.”

दार बंद झालं. सरस्वतीबाई दाराला हात टेकवून उभ्या राहिल्या. दोनदा हाक मारली. आतून आवाज आला नाही. पेटीत निळा मासा काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता.

सोमवारी नऊला श्रीहरी कॉलेजला गेला. जाताना आईच्या पाया पडला. विनीता डाव्या हातानं भांडी घासत होती, उजवा नुसता ओट्यावर ठेवलेला होता. सरस्वतीबाईंनी नळ बंद केला. मग श्रीहरी-विनीताच्या खोलीत जाऊन कपाटावरची बॅग खाली काढली आणि साड्या घडीसह त्यात रचू लागल्या.

“कुठं जायचंय, आत्याबाई?”

“खजुरीला.”

“कामून? अप्पांना काही...”

“अप्पा बरे आहेत. तुझी बी.एड.ची कागदं कुठल्या खणात आहेत?”

विनीतानं खण दाखवला. सरस्वतीबाईंनी कागद काढले, साड्यांच्या मधोमध ठेवले.

“ह्यांना विचारलंत?”

“न्हाई.”

“अप्पांना तरी फोन करते. ते येतील न्यायला.”

“नको,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “त्यांना यावं लागणार न्हाई, असं मी बोललेय.”

त्यांनी बॅगेची चेन ओढली, ती मध्ये अडकली, कापड आत सारून पुन्हा ओढली. विनीतानं बॅग उचलायला हात पुढं केला, तर तो हलकेच बाजूला सारून त्यांनी ती स्वतः उचलली. बाहेर ऊन चढलं होतं.

“चप्पल घाल,” त्या म्हणाल्या. “दहाची हुमनाबादची गाडी मिळाली तर दुपारपर्यंत पोचू.”