विसाव्याचा कडूनिंब

सिलतऱ्याच्या कारखान्यांचे ट्रक आमच्या पाऱ्यासमोरून, म्हणजे वस्तीसमोरून, असे धडधडत जातात का फडताळातल्या वाट्या नाचतात. तिथंच डिव्हायडरमधे एक कट होता. पलीकडे कडूनिंबाचं झाड अन् त्याच्या मागं मसणवट. कटावर अपघात व्हाचे, म्हणून थो बंद कराचा का नाही, हे ठरवाले नगर निगमनं रस्तेवाल्या साहेबांसंगं बैठक ठेवली. पाऱ्यातल्या लोकांनाही बोलावलं.

आमची शेजारीण लतावहिनी जिद्दीनं आली. किडनीच्या दुखण्यानं पार खंगली होती, पण ऐकते कोणाचं! रेल्वेतून रिटायर झालेला मारोतीभाऊ, तिचा नवरा, हात धरून संगं. वहिनीले जन्मभर गाडी लागे. लग्नाच्या बसमधे मांडीवर उलटीचा डबा घेऊन आली म्हणून मारोतीभाऊ म्हातारपणीही चिडवे. ती मले म्हणे, "सरला, शेवटी मले गाडीत नका घालू बावा. खांद्यावर न्या. निंबाखाली विसावा द्या, मंग काही मागणं नाही." आमच्यात अर्ध्या वाटेवर तिरडी टेकवतात अन् खांदे बदलतात, थोच विसावा. पाऱ्यातला प्रत्येक जण थ्या निंबाखाली टेकूनच गेला होता.

साहेब नकाशा दाखवून हिंदीत बोलले. पोट्टे शाळेत कसे जातील? "पैदल पूल बनेगा." दूध, भाजी? "पूल से." आमचे नगरसेवक यशदीपभैया माना डोलवून राहिले. एकाही मेल्यानं मसणाचं नाव काढलं नाही. काढतील कसे? आजारी बाई समोर बसली, तिच्यापुढं तिरडीची गोष्ट कराव तरी कशी!

तं वहिनीच उभी राहिली. "अन् साहेब, मी मेल्यावर थ्या पायऱ्यांनी मले..."

सारेच तिच्यावर तुटून पडले. "शुभ बोल वं माय!" "असं अभद्र काहून बोलतं?" मी ओरडली, "अरे, बोलू द्या तिले!" पण माझं कोण ऐकते? मारोतीभाऊनं तं तिच्या तोंडावर हातच ठेवला.

साहेबानं विचारलं, "माताजी क्या कह रही हैं?"

"कुछ नहीं सर, तबीयत ठीक नहीं है," यशदीपभैया म्हणाले.

वहिनी खाली बसली. कट बंद कराचं एकमतानं ठरलं.

दिवाळीनंतर वहिनी गेली. तिरडी रस्त्यापाशी आली तं कटाच्या जागी छातीएवढी सिमेंटची भिंत. निंब समोर दिसून राहिला, पण जावं कसं? माणसं नव्या पुलाच्या पायऱ्या चढले. वळणावर तिरडी फिरेना, अन् वहिनी एका अंगाले सरकू लागली. मारोतीभाऊ किंचाळला, "उतरवा! उतरवा तिले!"

खाली आणून भिंतीपाशीच टेकवली. त्यालेच विसावा म्हणाचं. मंग दूरच्या अंडरब्रिजखालून फिरून जायले शववाहिनी बोलावली.

आम्हा बायांले तिथूनच परताचं होतं. रडू का थ्या भिंतीले शिव्या देऊ, मले समजेना. मारोतीभाऊ माझ्याजवळ आला.

"ती सांगून राहिली होती, सरला. मीच तिचं तोंड दाबलं."

वहिनीले गाडीत ठेवलं. दार लागाच्या आधी मारोतीभाऊ पुढं गेला अन् ड्रायव्हरच्या खिडकीपाशी हात जोडून उभा राहिला.

"भैया, जरा धीरे चलाना," थो म्हणाला. "इसको गाडी लगती है."